इमान नव्हतं ते

दयारामकाका खोटं बोलत नाहीत, हे जानेफळात सगळ्यांना माहीत होतं. त्याचा लोकांना त्रासही व्हायचा. बोअरमधली जळालेली मोटर वर काढायचं त्यांचं काम. मोटर का जळाली हे ते मालकाच्या तोंडावर सांगायचे. "कोरडी चालवली तू दिवसभर. मोटरीचा काय दोष?" लोक चिडायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच बोलवायचे.

आमची मैत्री बुद्धविहारातल्या वाचनालयातली. मी मराठीत एमए करून गावी परतलो होतो. ते सातवी शिकलेले. मला एमए म्हणूनच हाक मारायचे. "काय बे एमए, आज कोनतं पुस्तक?" मी सांगितलं की विचारायचे, "खरं हाये का बनवेल हाये?" बनवलेलं असलं की हसून परत ठेवायचे.

गावातल्या शेषरावांची मुलगी काजल शिवणाच्या क्लासहून स्कूटीवर घरी येत होती. भरदुपारी फाट्याजवळ मुरमाच्या टिपरने तिला उडवलं. ती जागीच गेली. काका रस्त्याकडेच्या शेतात मोटर काढत होते. टिपर थांबला. चालवणारा दार उघडून खाली उतरला, मागे पाहिलं, पुन्हा चढला आणि गाडी घेऊन गेला. तो हरिओम होता. टिपरमालक इंद्रभान यांचा मुलगा.

पोलिसांपुढे एक पगारी ड्रायव्हर हजर झाला. गाडी मीच चालवत होतो, म्हणाला.

काकांनी जबाब दिला. "ड्रायव्हर नोता. हरिओम होता. मी त्याचं तोंड पाह्यलं."

त्या जबाबावर हरिओमवर खटला उभा राहिला. अपघात पाहिलेला दुसरा कुणी पुढे आला नाही. अर्धं गाव इंद्रभानच्या टिपरांवर कामाला. शेषरावांनी काकांचे दोन्ही हात धरले. "दयाराम, माह्या पोरीचं आता तुह्याच हाती हाये."

मग हिवाळ्यात आमच्या भागात आकाशात उजेड दिसू लागले. आधी सुलतानपूरकडून बातमी आली. मग जानेफळातही दिसला. मी त्या दिवशी परीक्षेसाठी बुलढाण्याला होतो. शेषरावांनीच मला फोन केला. त्यांनी सांगितलं ते असं. दिवस नुकताच मावळला होता. हॉटेलपुढे माणसं चहा पीत होती, त्यात काका आणि शेषराव शेजारी उभे होते. शेतांवर एक केशरी गोळा येऊन थांबला. आवाज नाही. मग त्याचे तीन झाले आणि तिन्ही विझले. फोनवर काढलेल्या फोटोंत नुसता ठिपका आला. ते काय होतं, हे आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही.

काही दिवसांनी शहरातल्या एका चॅनेलचा पोरगा माईक घेऊन आला. सगळ्यांनी काकांना पुढे ढकललं. "याले इचारा. हा खोटं बोलत नाही."

काका बराच वेळ बोलले. चॅनेलवर एवढंच आलं : "इमान नाही साहेब. इमान नाहीच."

आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात. जसं विहिरीला इहीर, विसाला ईस. काका सांगत होते की ते विमान नव्हतं. खाली मोठ्या अक्षरांत पट्टी आली : उडती तबकडी पाहणाऱ्याचीच कबुली, इमान नाही! मागे हसण्याचा आवाज जोडला होता.

ते गावोगाव फिरलं. पोरं काकांना रस्त्यात अडवायची. "काका, इमान हाये का गेलं?" काका आधी समजावून सांगायचे. मग सोडून दिलं. हॉटेलपुढची माणसं म्हणू लागली, "आमी तं चाय पेत होतो बा. यालेच दिसलं."

साक्षीची तारीख जवळ आली. सरकारी वकीलबाईंनी काकांना बोलावलं. मी सोबत होतो.

"ते उजेडाचं विचारतील," बाई म्हणाल्या. "गंमत केली होती म्हणा. विषय तिथेच संपेल."

"गंमत नोती ना पन."

"एका मुलीचा प्रश्न आहे, काका."

"म्हूनच तं. तिथं एक खोटं बोललो तं दुसरं खरं कायचं?"

"कुणाला कळणार आहे?"

"मले कयते ना, बाई."

मी शेषरावांकडे गेलो. म्हटलं, तुम्हीही होता तिथे. बाईंना सांगा, साक्षीत सांगा, काका एकटे पडणार नाहीत.

"मले काई दिसलं नाही," ते म्हणाले.

"तुम्हीच फोन केला होता मला."

"लोकं हासून राह्यले, पोरा. माह्या पोरीच्या केसमंदी मले तबकडी नको."

त्यांच्या बायको आशाबाई आतून म्हणाल्या, "दिसलं होतं यायले. मलेबी अंगनात नेऊन दाखवत होते, कुठं होतं ते."

"तू चूप बस वं."

कोर्टात काकांना शपथ द्यायला लागले. ते म्हणाले, "ईश्वरसाक्ष नको. प्रतिज्ञेवर सांगतो." त्यांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. हरिओमचं सगळं सरळ सांगितलं. कुठे अडखळले नाहीत. मला वाटलं, जमलं.

मग बचावाचे वकील उठले.

"चॅनेलवर तुम्हीच बोललात ना? 'इमान नाही', हे तुमचेच शब्द?"

"हाव साहेब. माहेच."

"आजही तेच म्हणणं आहे?"

"हाव. इमान नाहीच. इमान असतं तं आवाज आला असता."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. काकांना वाटलं, आपलं नीट समजलं नाही. त्यांनी हात पसरून सांगितलं, "इमानाले पंख असतात. त्याले नोते."

न्यायाधीशांनी शांतता राखायला सांगितली. सरकारी वकीलबाईंनी उठून खुलासा केला, इमान म्हणजे विमान. बचावाचे वकील हसून मान हलवत होते. ते आमच्याच तालुक्यातले. त्यांच्या घरातही इहीरच म्हणत असतील. त्यांना पहिल्यापासून समजलं होतं.

"बरं, विमान नव्हतं," ते म्हणाले. "मग जे दिसलं ते आणखी कुणी पाहिलं?"

काकांनी मागे वळून पाहिलं. शेषराव बाकावर होते. त्यांनी मान खाली घातली. काका पुन्हा समोर वळले. मग वकिलांना म्हणाले, "मी पाह्यलं."

"तुम्ही एकट्यानेच?"

"मी माह्यापुरतं सांगतो."

"आणि टिपरमधला माणूसही तुम्ही एकट्यानेच पाहिला."

हरिओम संशयाचा फायदा मिळून सुटला. निकालाच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर शेषराव काकांच्या अंगावर धावून आले. "तुले आभायाकडं पाहाले कोनं सांगतलं होतं बे? खाली पाहाचं सोडून!"

मला वाटलं, आता तरी काका म्हणतील, तूही पाहत होतास. ते बाजूला सरले. बस आली. शेषराव चढले. आम्ही पुढची पकडली.

उन्हाळ्यात इंद्रभानच्या शेतातली मोटर जळाली. मी म्हटलं, जाऊ नका. काका म्हणाले, "मजुराईच्या वस्तीचं पानी त्याच बोअरचं हाये." मीही गेलो. साखळी ओढायला माणूस लागतो.

हरिओम बांधावर बसला होता. आमचं काम पाहत होता. मग उठून जवळ आला.

"काका, तुमी चॅनेलवर बोलले ना, ते खरं होतं. मीबी पाह्यला होता तो उजेड. टिपरवरून. एकाचे तीन झाले."

काकांचे हात थांबले. साखळी मी एकट्याने धरून ठेवली.

"मंग काऊन नाही सांगतलं?"

"मले कोनं इचारलं?" हरिओम म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. खरंच तसं वाटत होतं त्याला.

काकांनी मोटर बाहेर काढली. दुसरी बोअरमध्ये सोडली, चालवून पाहिली. पाणी आलं. परतताना म्हणाले, "शेषरावले सांगतो."

"काय सांगता?"

"हरिओमबी मान्य करून राह्यला. उजेड खरा होता. मंग बाकीचंबी खरं."

"आता काय उपयोग, काका?"

"त्याले रातची झोप तं लागंन."

आम्ही शेषरावांच्या दारात गेलो. आत दिवा होता. काकांनी कडी वाजवली, नाव सांगितलं. आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"शेषराव घरी नाहीत," आतून आवाज आला. तो शेषरावांचाच होता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरं," ते दाराकडे तोंड करून म्हणाले. "आले म्हंजे सांगा, दयाराम येऊन गेला."