समुद्राच्या आड धरलेला पडदा

फुलाला "हनुवटी जरा वर घ्या" असं सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा फोटो स्टुडिओ. निम्म्या पेठेचे पासपोर्ट फोटो त्यांनीच काढलेले, म्हणून सगळे त्यांना पासपोर्टकाका म्हणत. चाळीस वर्षं लोकांच्या माना सरळ करून त्यांच्या जिभेला असं वळण लागलं होतं की मसाई पठारावर सोनकीच्या पिवळ्या फुलासमोर पालथे पडले तरी म्हणायचे, "ओ पावणं, मान वर घ्या की. हां. आता हलू नका." वारा असला की पावणं हलायचंच, आणि काका त्याच्यावर खरोखर चिडायचे.

मी शाळेत गणित शिकवते. ओळखपत्राचा फोटो काढायला गेले आणि माझ्याकडे गाडी आहे हे बोलता बोलता सांगून बसले. पुढच्या रविवारी पहाटे पाचला काका दारात हजर. गळ्यात कॅमेरा, काखेत पांढऱ्या कापडाची गुंडाळी. "चला बाई, ऊन चढायच्या आत पोचाय पायजे. फुलं आपल्यासाठी थांबत न्हाईत." कुठे जायचं हे मला गगनबावड्याचा घाट लागल्यावर कळलं. मालवणच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे, तिथल्या किनाऱ्यावर. ते काकूंचं माहेर.

काकू स्टुडिओच्या माडीवर राहायच्या. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू लुळी पडली होती, हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी प्रवास कायमचा बंद केला होता. दर ऋतूत त्या नवऱ्याला एकच विचारायच्या, माझ्या गावात आता काय फुललं असेल? काका तोंडी उत्तर देणाऱ्यांतले नव्हते. ते फोटो काढून आणायचे. भाद्रपदात कातळसड्यावरचा तेरडा, थंडीत वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल, शिमग्याच्या आगेमागे सुरंगी, वैशाखात पांढराशुभ्र कुडा. सुरंगीसाठी तर आम्ही तीन खेपा घातल्या, कारण गजऱ्यासाठी लोक तिच्या कळ्या उमलायच्या आतच काढून नेतात. तिसऱ्या खेपेला एका म्हातारीनं काकूंचं नाव ऐकून एक फांदी आमच्यासाठी राखून ठेवली. काकांनी त्या फांदीला हात जोडले, मग मान वर घ्यायला सांगितलं.

आता त्या पांढऱ्या कापडाबद्दल. तो स्टुडिओतला पासपोर्ट फोटोंचा पडदा होता. फूल कुठलंही असो, काका त्याच्या मागे तो पडदा धरायला लावत, आणि धरणारी अर्थातच मी. गणिताची पदवीधर बाई, किनाऱ्यावर दोन्ही हात फाकवून पडदा ताणून उभी, पाठीमागे अख्खा अरबी समुद्र उसळतोय. कोळिणी थांबून हसायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, एवढा समुद्र आहे मागे, तो येऊ द्या ना फोटोत." काकांनी कॅमेऱ्यातून डोळासुद्धा काढला नाही. "मागं गर्दी असली की चेहरा हरवतोय बघा. जरा ताणून धरा की, सुरकुत्या पडल्या." प्रत्येक फुलाचे फोटो दोनच. एक चेहऱ्यासाठी आणि एक, पहिल्यात डोळे मिटले असतील तर. फुलाचे डोळे कसे मिटतील, हे विचारायचं मी सोडून दिलं होतं.

अशी चार वर्षं गेली. मग गेल्या दिवाळीनंतर काकूंना दवाखान्यात ठेवावं लागलं. आठ दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस धरू नका. त्या संध्याकाळी मी माडीवर गेले तेव्हा काकू उशाला टेकून फुलांचा अल्बम चाळत होत्या. चार वर्षांची फुलं, एकेक चेहरा स्पष्ट, मागे स्वच्छ पांढरं, आणि कोपऱ्यात कुठे कुठे माझी बोटं. शेवटचं पान उलटून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सगळी फुलां बरी आसत. पण माझो दर्या खंय?"

काका अल्बम हातात घेऊन पुन्हा पहिल्या पानापासून बघत बसले. एवढ्या वेळा समुद्राच्या काठी जाऊन या माणसानं बायकोसाठी समुद्र सोडून सगळं आणलं होतं, आणि तो झाकून धरायला मी उभी होते. मला रडूही आलं आणि काकांचा रागही आला.

दुसऱ्याच दिवशी शाळेत रजा टाकली. पडदा घरी ठेवला. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा भरतीची वेळ होती, मर्यादवेल वाळूवर पाण्याच्या दिशेनं धावत सुटलेली, जांभळी फुलं टवटवीत उघडलेली, आणि तिच्यापलीकडे लाट फुटत होती. काका वेलीपाशी पालथे झाले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि क्षणभरानं गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. "बाई, ह्यो थांबतच न्हाय की." हलू नका म्हणावं तर कुणाला. मग त्यांनी बटण दाबायला सुरुवात केली ती थांबेचनात. दोन फोटोंचा नेम कुठल्या कुठे गेला. कोपरावर सरपटत, शर्टात वाळू भरून, ते लाटेच्या मागे आणि मी त्यांच्या मागे. "आली, आली, मोठी आली, बाई, सरका", असं ओरडत होते. एका लाटेनं दोघांनाही कमरेपर्यंत भिजवलं. त्यांनी कॅमेरा डोक्यावर धरला होता आणि ते हसत होते. मी इतकी खूश झाले होते की माझ्या चपला वाहून गेल्याचं मला गाडीपाशी आल्यावर कळलं.

त्यातला एक फोटो काकांनी कापडावर छापून घेतला. माप पासपोर्टच्या पडद्याचंच. खाली पायाशी मर्यादवेलीची फुलं, वर फुटणारी लाट. माडीवरच्या भिंतीला तो टांगला, काकूंना खुर्चीवर बसवून त्याच्यासमोर आणलं आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं. काकूंनी मान वळवून मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी इला गे", आणि धडक्या उजव्या हातानं लुगड्याचा काठ घोट्याच्या वर उचलला.

त्याच क्षणी बटण दाबलं गेलं. चैत्रात काकू गेल्या. तो फोटो स्टुडिओत काउंटरच्या वर लावलेला आहे. त्यात मान सरळ नाही, हनुवटी खाली आहे आणि काठ उचलणारा हात हललेला आहे. असा फोटो काकांनी गिऱ्हाइकाला कधी दिला नसता. मी एकदा विचारलं, दुसरा काढला नाही का? "न्हाई", ते म्हणाले, "हलू नका म्हणायचंच इसरलो बघा." आणि आतल्या गिऱ्हाइकाची मान सरळ करायला गेले.