टाकीचा बाहेरचा कोपरा

रविवारी मैदानावर नलूमावशीचं छोटं विमान चार फेऱ्यांतच बंद पडलं. दोन तारांना बांधलेलं, मधे तारांची मूठ धरून उभ्या मावशीभोवती गोल फिरणारं विमान ते. टाकी मीच बसवली होती. हलवून पाहिली, तर इंधन अर्धं शिल्लक.

"उलटी बसवलीस," मावशी म्हणाली. "फिरताना इंधन बाहेरच्या बाजूला पळतं. इंजिनाला इंधन देणाऱ्या नळीचं तोंड त्याच कोपऱ्यात हवं."

फिरायला आलेले एक गृहस्थ हसले. "या वयात हे कशाला? बांधलेलं विमान, गोल गोलच फिरणार."

मावशी तुपाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली ती टाकी फिरवून बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "बांधलंय म्हणून उडायचं सोडू का?"

मलाही सगळे सांगत आले, आतल्या बाजूला राहा. मी राहिले, आणि सारखी बंद पडत गेले. वाटायचं, आपल्यातलं संपलं. संपलं कुठलं? ते बाहेरच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं होतं.

"मूठ माझ्याकडे दे," मी मावशीला म्हटलं.

तारा ताणल्या गेल्या. टाकी कोरडी ठाक होईपर्यंत विमान खाली आलं नाही.