अकरा घरांची प्रार्थना

पडेगावात आमच्या गल्लीत ख्रिस्ती लोकांची अकरा घरं आहेत. शेवटचं घर दगडाबाईंचं. मी त्यांना आत्या म्हणते. नात्यानं त्या माझ्या कुणी नाहीत.

आत्या तीस वर्षं क्रांती चौकाजवळच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. शाळा तिनं पाहिली नाही. नवरा लवकर गेला. मुलगा शिवराज चितेगावच्या कंपनीत आहे. तो शिफ्टला जाताना आईच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून जातो. एवढंच तिचं चरित्र. बाकीचं जे आहे ते कुणाला दिसत नव्हतं.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे घरगुती प्रार्थना असते. पाळीपाळीनं एकेका घरी. गाणं होतं, बायबलमधलं वचन वाचलं जातं, मग काकासाहेब विचारतात, "कुणाच्या विनंत्या?" काकासाहेब निवृत्त शिक्षक. ते हजेरी घेतल्यासारखंच विचारतात. कुणी गुडघ्यासाठी सांगतं, कुणी मुलाच्या परीक्षेसाठी. मग एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करतो.

आत्यानं कधी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. तिचे ओठ हलायचे, आवाज नसायचा. शेवटी फक्त आमेन. द्वारकाबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दगडाबाईचं बरं हाय. नुसत्या आमेनवर भागवती." सगळे हसले. आत्यासुद्धा हसली.

पण गुडघे आणि परीक्षा सोडून जे असायचं, ते लोक आत्याकडे नेत. सकाळी ती पायरीवर भाजी निवडत बसायची. जाता जाता कुणी तिच्याशेजारी टेकायचं. पाच मिनिटं बोलायचं. उठून जायचं. द्वारकाबाई आणि भामाबाई यांच्यात सांडपाण्यावरून चार वर्षं बोलणं नव्हतं. दोघी वेगवेगळ्या वेळी आत्याकडे येऊन एकमेकींबद्दल सांगत. इकडचं तिकडे कधी गेलं नाही. म्हणूनच दोघी गुरुवारी एका सतरंजीवर बसू शकत होत्या.

हे सगळं ती बोटांवर ठेवायची. पहाटे उठून पायरीवर बसायची. एकेक बोट दाबायची. दहा बोटं, दहा घरं. अकरावं घर तिचं स्वतःचं. त्याला बोट उरत नव्हतं.

मराठी घेऊन बी.ए. करताना शेवटच्या वर्षी माझा विश्वास उडाला होता. घरात सांगितलं असतं तर रडारड झाली असती. मी आत्याला सांगितलं, की मला प्रार्थनाच करता येत नाही, समोर कुणी आहे असं वाटत नाही. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "बरं. तू थांब जरा. तवर तुझी मी करते." वर्षभर तिनं केली असणार. मी विश्वासात परत आले. हे आजवर कुणाला माहीत नाही.

गेल्या ऑक्टोबरात तिनं मला हाक मारून बसवलं. मग म्हणाली, बोटं दाबत गल्लीतल्या कडुबाच्या घरापाशी आले की अडतं. त्यानं काहीतरी मोठं सांगितलंय, ते आठवतच नाही. त्यानं परवा विचारलं, मावशी, माझ्या त्या गोष्टीसाठी चालू आहे ना? ती म्हणाली, चालू आहे.

"खोटं बोलले गं मी," ती म्हणाली. "लई इसरायला व्हतंय. तू कुणाला बोलू नको. लोकं सांगायचं बंद करतील."

मी म्हटलं, नाही बोलणार.

तीन दिवसांनी गुरुवार आला. प्रार्थना भामाबाईंच्या घरी होती. काकासाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. ते नेहमी मलाच सांगत, कारण मला शब्द सुचतात. मी डोळे मिटले. आजारी लोकांसाठी मागितलं, प्रवासातल्यांसाठी मागितलं. मग आत्याचा चेहरा समोर आला आणि मी म्हणाले, "हे प्रभू, आमच्या दगडाबाई आत्याची आठवण तिला सोडून चालली आहे. कडुबाकाकांनी तिच्यापाशी ठेवलेलं ओझंही तिला आठवत नाही. तिला तू धर."

मी वचन मोडतेय असं मला वाटलं नाही. मी माणसांना सांगत नव्हते, देवाला सांगत होते. तो तर सगळं जाणतो. खोलीत आणखी बावीस माणसं डोळे मिटून बसली आहेत आणि त्यांचे कान उघडे आहेत, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. माझा आवाजसुद्धा भरून आला होता. सगळे जोरात आमेन म्हणाले.

मी डोळे उघडले. आत्या माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

त्यानंतर कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. उलट सगळे फार चांगले वागले. द्वारकाबाईंनी बदाम आणून दिले. काकासाहेब येऊन महिन्यांची नावं उलट्या क्रमानं म्हणून घेऊ लागले. शिवराजनं सुट्टी टाकून डॉक्टरांना दाखवलं. गल्लीतले लोक तिच्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलायला लागले, जणू तिचे कान गेलेत. पण तिच्याशेजारी टेकून कुणी बोलेना.

मग कडुबाकाका माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले.

"तुला काय काय सांगितलं तिनं?"

मी म्हटलं, काहीच नाही. तिला तुमचं आठवतच नाही, एवढंच.

"माझं नाव तर घेतलं ना," ते म्हणाले. "नाव सांगितलं तर बाकीचं पण सांगितलं असंल."

मी शपथ घेते म्हटलं. ते वळून निघून गेले. माझ्या शब्दाची किंमत त्यांनी त्या गुरुवारी स्वतः ऐकली होती.

तेव्हा मला कळलं, की मी नुसतं आत्याचं एक गुपित उघडं केलं नव्हतं. दहा घरांची सगळीच गुपितं तिनं मला सांगितली असतील, असं दहाही घरांना वाटू लागलं होतं. पुढच्या गुरुवारी मी उभी राहिले आणि म्हणाले, आत्यानं मला कुणाचंही काही सांगितलेलं नाही. काकासाहेबांनी गाणं सुरू केलं. त्यानंतरच्या गुरुवारी प्रार्थना द्वारकाबाईंकडे होती. भामाबाई आल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, "द्वारकाबद्दल मी दगडाबाईपाशी जे बोलले होते ते आता तिला कळलं असेल, मी तिच्या घरात कशी बसू?" द्वारकाबाईंनाही आपल्या बोलण्याची तीच भीती होती. दोघींना काहीच कळलेलं नव्हतं.

आता विनंत्या विचारल्या की गुडघे येतात, परीक्षा येते. येणारे कमी झाले, सतरंजी एकच पुरते.

मी आत्याची माफी मागायला गेले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ते कवाच केलं," ती म्हणाली. मग हात काढून घेतला. "पण मोनिका, मला आता कुणी काय सांगंना गं."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता फेब्रुवारी आहे. मी पहाटे तिच्यापाशी जाऊन बसते. ती अजून बोटं दाबते. आता हळू आवाजात प्रार्थना करते, कारण लपवायचं काही उरलं नाही. "द्वारकाचं घर," ती म्हणते. "आत काय हाय ते तुला ठावं." पुढचं बोट. "भामाचं घर. आत काय हाय ते तुला ठावं." कडुबाकाकांच्या घरापाशी ती आता अडत नाही. आठवायचंच काही नसतं.

दहावं बोट आमच्या घराचं. मला पुण्याला नोकरी मिळतेय आणि मी ते आईला सांगितलेलं नाही. हे मी आत्याला सांगितलं. तिनं ते बोट बराच वेळ दाबून धरलं. दुसऱ्या दिवशी त्याच बोटापाशी थांबली आणि विचारलं, "तुझं काय व्हतं गं?" मी पुन्हा सांगितलं. मी रोज पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगते. ती रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते.

उजाडलं की कडुबाकाका सायकल घेऊन समोरून कामाला जातात. "सलाम मावशी," म्हणतात. आत्या सरकून पायरीवर जागा करते.

ते थांबत नाहीत.