एका पिंपाला एकच हात

सिस्टर निवृत्त झाली, पण तिची ड्युटी काही सुटली नाही. वॉर्ड गेला आणि गच्ची आली, एवढाच फरक. इमारत चार मजली, लिफ्ट नाही, आणि सिस्टर तळमजल्यावर. लेक दूरच्या नोकरीवर आणि सून घरात. सून तिला आई म्हणायची; बाकी सगळ्या इमारतीची ती सिस्टरच.

गच्चीचं हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं, त्याला कारण होतं. एका वर्षी पुरात रस्ते तुटले, भाजीची एकही गाडी आली नाही आणि तिच्या वॉर्डातल्या बाळंतिणींना दोन्ही वेळा कोरडा भात वाढावा लागला. आपल्या तोंडचा घास दुसऱ्याच्या ट्रकवर सोपवून माणसं निवांत झोपतात कशी, असं ती जिन्यात भेटेल त्याला विचारायची. विचारून गप्प बसली असती तर ती सिस्टर कसली? भंगारातून निळी पिंपं आणून तिने अर्धी कापली, बुडाला भोकं पाडली, घरोघरचा ओला कचरा कुजवून माती केली आणि प्रत्येक बिऱ्हाडाला दोन-दोन पिंपं लावून दिली. रोपं तिची, बी तिचं आणि बोलणीही तिचीच. लोक कुरकुरले, पण वांगी लागली तेव्हा मुकाट्याने खाऊ लागले.

नियम मात्र एकच होता. एका पिंपाला एकच हात. ज्याचं पिंप त्यानेच पाणी घालायचं, दुसऱ्याने बोटही लावायचं नाही. हा नियम वॉर्डातला. तिथे एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला पाणी पाजायचं काम दोन आयांवर सोपवलं होतं. हिला वाटलं तिने पाजलं, तिला वाटलं हिने. म्हातारा दिवसभर ओठ चाटत पडला होता. सिस्टरच्या काळजाला ते लागलं होतं, पण ही गोष्ट तिने गच्चीवर कधी कुणाला सांगितली नाही. हुकूम सोडायचा आणि कारण द्यायचं नाही, ही तिची जुनी खोड.

शिवाय ती परीक्षा घ्यायची. नव्या माणसाला गोड आवाजात सांगायची, जाता जाता माझ्याही पिंपात पाणी घाल गं. बिचारीने घातलं की संपलंच. सगळ्या गच्चीसमोर तिचा पाणउतारा व्हायचा. तिसऱ्या मजल्यावरची शिलाईवाली, जी पुढे तिची पट्टशिष्या झाली, पहिल्याच आठवड्यात अशी रडत खाली गेली होती. सून तर दोनदा फसली आणि मग तिने गच्चीचं नावच टाकलं.

त्या उन्हाळ्यात सिस्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिना बंद केला. वर तिचा घेवडा ऐन भरात होता. त्याच्या शेंगा तिने खायला तोडल्या नव्हत्या, बियाण्यासाठी राखल्या होत्या. दरवर्षी सगळ्या इमारतीला त्याच वेलाचं बी जायचं. दाणा भरायच्या आत वेल वाळला असता तर वाणच संपला असता. तिचा जीव वर टांगलेला आणि पाय खाली बांधलेला.

सुनेला सांगायचं तर तोंड नव्हतं. शिलाईवाली वाटीभर टोमॅटो घेऊन भेटायला आली, तेव्हा सिस्टरने तिचा हात धरला. उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे शब्द जड गेले.

"माझ्या पिंपांना पाणी घालशील?"

शिलाईवाली तिच्याकडे बघून हसली. "घालते की, सिस्टर. तुम्ही काळजी नका करू."

सिस्टर निश्चिंत झाली. येणारा-जाणारा भाजी आणून द्यायचा, ती तोंडभरून आशीर्वाद द्यायची, आणि मनातून या शिष्यांचा तिला अभिमानही वाटायचा. डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली त्या दिवशी ती कठडा धरून, दर मजल्यावर दम खात, एकटीच वर गेली.

गच्ची हिरवीगार होती. दोडके लोंबत होते, वांगी ओझ्याने वाकली होती. मधोमध तिची दोन पिंपं, माती भेगाळलेली आणि वेल काडीसारखा. तिने एक शेंग सोलली. आत चपटे, सुरकुतलेले दाणे होते. दुसरी सोलली, तिच्यातही तेच.

शिलाईवाली शेजारच्याच पिंपात पाइपने पाणी सोडत होती. सिस्टरला पाहून तिचा चेहरा फुलला.

"बघा, थेंब पडू दिला नाही तुमच्या पिंपात. पाइपसुद्धा वळसा घालून नेत होते. नवीन बिऱ्हाडातली घालायला निघाली होती, तिलाही मीच अडवलं. म्हटलं, सिस्टर परीक्षा बघतायत." मग तिने विचारलं, "पास झाले ना मी?"

सिस्टरच्या जिभेवर म्हातारा आला, दोन्ही आया आल्या. आता सांगून उपयोग नव्हता, आणि रागवायचं तरी कुणावर? इतकी वर्षं जे शिकवलं ते या बाईने जिवापाड जपलं होतं.

"झालीस," ती म्हणाली.

शिलाईवालीने खुशीत तोडलेली चार वांगी तिच्या पदरात घातली. सिस्टर ती घेऊन कठडा धरून खाली उतरू लागली.