रूपराव मिस्त्रींची होडी

हिंगणीच्या रूपराव मिस्त्रींनी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. 'मले नाई जमत' हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. म्हणूनच बँकेतून रिटायर झालेल्या धनंजय साहेबांनी जुनी शिडाची होडी घेतली, तेव्हा तिचं जाम झालेलं स्टिअरिंग काढून मिस्त्रींनी बिनधास्त भंगारातल्या ट्रॅक्टरचं बसवलं.

तलावात साहेबांनी चाक डावीकडे फिरवलं आणि होडी उजवीकडच्या बेशरमाच्या झुडपांत घुसली.

"मिस्त्री, हे उलटं काऊन जोडलं?"

मिस्त्री तापले. "होडीचं सुकाणू मागं असते, साहेब. म्हणजे ती रिव्हर्समधली ट्रॉलीच झाली. ट्रॉली रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटंच फिरवा लागते. तुमाले येत नाई, त्यात माहा काय दोष?"

मग ते स्वतः होडीत चढले, सवयीने मान मागे वळवली आणि होडी झुडपांतून काढून सरळ पलीकडच्या काठाला नेली.

आता गावातला कुठलाही ट्रॅक्टरवाला ती होडी आरामात चालवतो. साहेब शिडाखाली पाहुण्यासारखे बसतात, आणि रोज सकाळी शाळेमागच्या मैदानात ट्रॉली रिव्हर्स घ्यायला शिकतात.