इंग्रजीच्या सरांची कोष्टकं

आमच्या इंग्रजीच्या सरांएवढं कोष्टकावर प्रेम करणारा माणूस पाथरी तालुक्यातच काय, अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. त्याच शाळेत मी गणित शिकवायची, तेव्हा खरं तर कोष्टकावर पहिला हक्क माझा. पण रुजू झाले त्याच दिवशी कळलं की ही इस्टेट सरांनी आधीच बळकावली आहे. वर्गात जावं तर फळाभर उभ्या-आडव्या रेघांचं जाळं आणि कोपऱ्यात 'पुसू नये' अशी ताकीद. तक्रार केली तर म्हणाले, "बाई, आकडे तुमचे, रेघा माझ्या. आकडे तेवढे घेऊन जा."

सरांचं शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेलं. रकान्याला ते 'खाना' म्हणत. "देखो, ये खाना क्या बोलता है?" असं त्यांनी दरडावून विचारलं की डबा न आणलेली पोरं उगाच कावरीबावरी व्हायची. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक कोष्टक देऊन त्याखाली प्रश्न विचारायचे आणि आमची पोरं नेमकी तिथे गडगडायची. धडा घोकता येतो, कोष्टक घोकून काय करणार? म्हणून सरांनी एकदा सगळा वर्ग एसटी स्टँडवर नेला, गाड्यांच्या वेळांचा फलक इंग्रजीत उतरवून घेतला आणि तिथेच, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी, तास सुरू केला. "व्हिच बस लीव्ह्ज आफ्टर द जिंतूर बस?" एक पोरगं उठलं. "सर, जिंतूर बस नॉट केम." फलकावर गाडी सव्वाआठची, घड्याळात दहा वाजून गेलेले. सर म्हणाले, "मग कोष्टक चूक?" पोरगं ठामपणे म्हणालं, "नो सर. टेबल इज राइट, बस इज राँग." सर इतके खूश झाले की त्यांनी स्टँडवरच्या कंट्रोलर साहेबांना खिडकीतून हाक मारून ते वाक्य दोनदा ऐकवलं. साहेबांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण मतलब बरोबर पोचला असावा, कारण पुढच्या वेळी त्यांनी वर्गाला आत येऊ दिलं नाही.

कोष्टक नुसतं वाचू नये, त्याचा अर्थ लावावा, हे सरांचं पालुपद. वर्गात ते खरं असे, घरी मात्र त्यांची फजिती व्हायची. आठवड्याच्या भाज्यांचं कोष्टक त्यांनी स्वयंपाकघरात लावलं होतं. एका गुरुवारी मी त्यांच्या घरी गेले, तर त्या दिवसाचा रकाना काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, कोराच ठेवलेला. सर मला कौतुकानं म्हणाले, "बघा बाई, आज हिचा उपास." आतून काकूंचा आवाज आला, "उपास न्हाई, राग आलाय मला. चार दिस झाले, मी बोलंना गेले, ते बी ध्यानात येईना तुमच्या!"

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मात्र फळ्यावर एक निराळंच कोष्टक आलं. आसपासच्या खेड्यांतून वाईट बातम्या येत होत्या. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. बौद्धवाड्यातल्या दहावीच्या नऊ मुली-मुलांनी शाळेत येणं बंद केलं. मुख्याध्यापक म्हणाले, "थोडे दिवस जाऊ द्या." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

सरांनी वर्गात जाऊन नऊ नावं एकाखाली एक लिहिली, वर सहा वार लिहिले आणि सगळ्या रकान्यांत गैरहजेरीची खूण केली. मी शेजारच्या वर्गात होते, दारातून दिसत होतं. पोरांनी ओळीनं वाचून दाखवलं, कोण सोमवारी नव्हतं, कोण मंगळवारी. "गुड," सर म्हणाले, "आता अर्थ लावा." कोणी म्हणालं, ते आजारी असतील. "नऊच्या नऊ?" शेवटी पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी उठली. बराच वेळ बाकाची कड खरवडत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, अवर मिल इज क्लोज फॉर देम."

व्याकरणाची एकही चूक न सोडणारे सर त्या दिवशी ती दुरुस्त करायला थांबले नाहीत. खडू ठेवून बाहेर आले आणि मला म्हणाले, "बाई, चला."

बौद्धवाड्यात एका दारात जात्याची घरघर ऐकू येत होती. आमच्याच वर्गातली पोरगी दळत बसली होती. तिची आई म्हणाली, "गिरणी बंद, तवा पोरी जात्यावर बसायल्यात सर. अन् वाटंनं धाडायचं तर भ्या वाटायलंय." सर म्हणाले, "उद्या सकाळी सगळेजण दळणाचे डबे घेऊन गिरणीवर या. मी तिथं असतो."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. गिरणीपुढे नऊ डबे लागले आणि दहावा सरांचा. सर त्यावर कोट सावरून बसले. गिरणीवाला म्हणाला, "सर, तुमचा डबा द्या, लगेच दळतो. ह्यांचं न्हाई, गावाचं ठरलंय." सर म्हणाले, "माझा नंबर दहावा हाय. नववा झाला की देतो." एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. मागून बाया येत गेल्या, रांग पार पाराच्या पलीकडे गेली. पण सरांना ओलांडून डबा पुढे ठेवायची कुणाची छाती होईना. बहुतेकींची पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. दुपार झाली तशी एक पाटलीणबाई कडाडल्या, "चालू कर की रं मुडद्या! घरी पोरं उपाशी बसल्यात, अन् तू ठराव सांगायलास का?" गिरणीवाल्यानं दारात उभ्या लेकीकडे पाहिलं, लेकीनं खाली पाहिलं. मग त्यानं पट्टा चढवला आणि पहिला डबा उचलला.

त्यानंतर दोनदा सरांच्या सायकलची हवा गेली. पण सायकल तशीही लागत नव्हती, कारण महिनाभर ते रोज बौद्धवाड्यावरून पोरांना घेऊन चालत शाळेत यायचे. वाटेत इंग्रजीशिवाय दुसरं काही बोलायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे सगळे मुकाट चालायचे आणि सर एकटेच बोलत राहायचे. नवांपैकी सात जण परत आले. परीक्षेत कोष्टकाच्या प्रश्नात एकाचाही गुण गेला नाही. दोघी बहिणी मात्र तोवर आई-बापाबरोबर गाव सोडून गेल्या होत्या.

पुढे सर निवृत्त होऊन परभणीला लेकीकडे राहायला गेले. विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले. मोतीबिंदूमुळे दिसत कमी होतं, पण आवाज तोच. मी मोठ्या उत्साहानं सांगत सुटले की सातांपैकी एक तलाठी झाला, एक नर्स झाली, गिरणीवाल्याची लेक पालमला मास्तरीण आहे. सरांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली. मग विचारलं, "अन् त्या दोघी बहिणी? त्यांचं काही कळलं का बाई?"

मला काही कळलेलं नव्हतं. काकूंनी चहा आणून ठेवला, तोवर सर टेबलावर बोटानं दोन रकाने आखत होते.