हाक आली तरी उठू नका

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचायचे, पण खरं सांगायचं तर जरा हसतच. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कोणाला किती ऐकू येतं, कोणता आवाज किती सोसतो, हे मशीनवर मोजणं माझं काम. ‘कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं’ म्हणणारे पेशंट अधूनमधून येतातच आणि त्याचं कारण मी कागदावर कानाचं चित्र काढून समजावते... समजावायचे.

रत्नागिरीत मारुती मंदिरजवळ एका दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. त्यात पेशंटला बसवायची आवाजबंद केबिन, मधे काच, काचेच्या अलीकडे मी आणि मशीन. दोन वर्षांपूर्वी, पावसाळा उतरणीला लागला असताना विनायककाका आणि सुमनकाकू आले. (नावं बदलली आहेत.) काका जहाजावर इंजिनरूममध्ये तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. पावसकडे जाणाऱ्या रस्त्याला आत त्यांची वाडी. घरात दोघंच, मुलगी परदेशी. वर्षभर काकांच्या कानात सतत शिट्टी वाजत होती आणि त्यावर साधे आवाजही सोसेनासे झाले होते.

“कुकर लावत नाही मी आता,” काकू सांगत होत्या. “डावाखाली फडकं ठेवत्ये. बांगड्यासुद्धा काढून ठेवल्या.” त्यांनी मोकळे हात पुढे केले. तक्रार नव्हती. जे आहे ते सांगत होत्या.

कानात आवाज येणाऱ्या माणसाला किती मोठा आवाज सोसतो, ते मोजायची पद्धत सोपी आहे. हेडफोन लावायचे. मी हळू आवाजापासून सुरुवात करते, पायरीपायरीने वाढवते. त्रास व्हायला लागला की पेशंटने हात वर करायचा. काकांना मी तिरकं बसवलं होतं, माझे हात त्यांना दिसत नव्हते. पंचावन्न डेसिबल, साठ... ते शांत होते. मी पासष्टवर नेलं. काकांनी तोंड वाकडं केलं, हात वर केला. मी आकडा लिहिला.

लिहून झाल्यावर लक्षात आलं की आवाज सोडायचं बटण मी दाबलंच नव्हतं.

वाटलं, लयीने अंदाज आला असेल. म्हणून मधे बराच वेळ थांबले, मागे-पुढे केलं. साठला बटण दाबायच्या आधी कितीही थांबले तरी ते स्वस्थ. पासष्टला मात्र माझं बोट बटणापर्यंत जायच्या आत हात वर. सहा वेळा. मशीनमधून आपोआप आवाज झिरपतोय का म्हणून हेडफोन स्वतः लावून बघितले. काही नाही. नंतर कंपनीचा माणूस येऊन तपासून गेला, मशीन व्यवस्थित होतं. मी रिपोर्टवर ‘प्रतिसाद अनियमित’ असं लिहिलं आणि विषय सोडला. दुसरं काय लिहिणार?

उपचार म्हणून मंद आवाजाचं यंत्र दिलं, कान हळूहळू सरावावे म्हणून. तीन आठवड्यांनी दोघं परत आले. शिट्टी थोडी कमी होती, पण नवीनच काही सुरू झालं होतं.

“ही हाक मारते,” काका म्हणाले. “रोज साडेदहाच्या सुमारास. ‘अहो, येता का जरा’, असं. लांबून. तीन-चार वेळा. मागच्या दारी जाऊन बघतो तर कोणी नाही. ही आपली स्वयंपाकघरात.”

“मी कुठे हाक मारत्ये?” काकू म्हणाल्या. “मी आहे तिथेच असत्ये. परवा हे धावत गेले आणि घसरले. मॅडम, हे तेवढं थांबवा. कुठेतरी पडतील ते.”

मी कागद ओढला, कान काढला, मेंदू काढला. म्हटलं, “काका, हा आवाज बाहेरचा नाही. तुम्ही उठून जाता म्हणून मेंदूला तो महत्त्वाचा वाटतो. हाक आली तरी उठू नका. आठ-दहा दिवस गेला नाहीत की मेंदू तो आवाज आपणहून सोडून देईल.”

“पण खरंच बोलावलं असलं तर?”

काकूंनीच उत्तर दिलं. “मी हाकच मारणार नाही. काही लागलं तर समोर येऊन सांगेन. मग तर झालं?”

मला ते फार आवडलं. मी त्यांचं कौतुकही केलं.

काका दर दोन दिवसांनी फोन करायचे. आधी जमत नव्हतं, पाय आपोआप उचलले जायचे म्हणे. मग नवव्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. आवाज थकलेला, पण खूश होते.

“मॅडम, आज उठलो नाही. पाच वेळा आली. खुर्चीचा हात धरून बसलो.”

“छान,” मी म्हटलं. “असंच करा.”

हा शब्द मी उच्चारला आहे. छान.

काकू त्या वेळी खालच्या विहिरीजवळ होत्या. घरामागून चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट, पाखाडी, खाली उतरते. तिच्यावर शेवाळ धरलेलं होतं. एक वाजता शेजारीण पाण्याला गेली तेव्हा त्या दिसल्या, जीव गेलेला. मांडीचं हाड मोडून बाहेर आलेलं, रक्त खूप गेलेलं. डॉक्टर म्हणाले, पडल्यानंतर तासभर तरी शुद्धीत असाव्यात.

मला संध्याकाळी कळलं. चार दिवस जायचं धाडस झालं नाही. पाचव्या दिवशी गेले. काका पडवीत बसले होते. मुलगी आली होती, तिने पाणी आणून दिलं. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं.

“तुम्ही शिकलात ते सांगितलंत. तुमचं काही चुकलं नाही.”

मी त्यांना हेही सांगितलं की तपासणीच्या दिवशी बटण दाबायच्या आधी तुमचा हात वर जात होता, मला दिसलं होतं, आणि मी ते सोडून दिलं. आत मुलीच्या हातून ताट पडलं. काकांनी मानही वळवली नाही.

“शिट्टी गेली,” ते म्हणाले. “त्या दिवसापासून हाकही नाही. किती ऐकायचा प्रयत्न करतो.”

निघताना मी पायात चपला घालत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, “मॅडम, ती हाक इतके दिवस आधी येत होती. ती मी जावं म्हणून येत होती, की त्या दिवशी माझ्या हातून जाणं होणार नाही म्हणून?”

“विचारून कळवते,” म्हटलं आणि मी रिक्षात बसले. दोन वर्षं झाली. माझ्या खोलीत भिंतभर पुस्तकं आहेत, मी दोन-तीन ज्येष्ठ डॉक्टरांना विचारलं, त्यांनी योगायोग म्हणून सोडून दिलं. काकांना अजून फोन केलेला नाही. काय सांगणार?